प्रवासाची विचारपूस : पाल्माच्या जुन्या शहरातलं ‘फक्त मोठ्यांसाठी’ हॉटेल

पाल्मा ही स्पेनच्या मायोर्का बेटाची राजधानी. तिच्या जुन्या भागात सरदार आणि व्यापाऱ्यांचे दगडी वाडे आहेत. त्यांतल्या अनेकांची आता दहा-वीस-तीस खोल्यांची देखणी हॉटेलं झाली आहेत, आणि त्यांतली बरीचशी लहान मुलांना ठेवून घेत नाहीत. या मुक्कामाबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली, त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट उत्तरांमध्ये पुन्हा पुन्हा येईल म्हणून आधीच सांगतो. अशा वाड्यात दोन खोल्या सारख्या नसतात. हॉटेलचे फोटो आवडले एवढ्यावर पैसे भरू नका, आपल्याला नेमकी कुठली खोली मिळणार ते आधी ठरवून घ्या.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सोळा वर्षांची मुलगी असे जाणार आहोत. आवडलेल्या हॉटेलवर ‘ॲडल्ट्स ओन्ली’ लिहिलंय. ते वाचून सासूबाई संकोचल्या आहेत. तिथं काही भलतंसलतं तर नसतं ना? आणि मुलीचं काय? (वाचक, नाशिक)

सासूबाईंना निर्धास्त राहायला सांगा. या शब्दांचा अर्थ एवढाच की हॉटेलात लहान मुलं नसतील. कारण इमारतीतच आहे. मधला चौक दगडी आणि उघडा, खोल्यांची दारं त्याच चौकाकडे. एक मूल जिन्यावरून धावलं तरी तिन्ही मजल्यांवर ऐकू जातं. गच्चीवरच्या छोट्या तलावाला कठडा नसतो, जिन्याचे जुने कठडे आजच्या मापाने बुटके असतात. सत्तरीच्या जोडप्यांना ही शांतता सगळ्यांत जास्त मानवते.

वयाची अट मात्र प्रत्येक हॉटेलची वेगळी असते. कुठे 12, कुठे 14, कुठे 16, कुठे 18. तुमची मुलगी 16 ची असेल तर काही ठिकाणी चालेल, काही ठिकाणी नाही. जायच्या दिवशी तिचं वय किती असेल ते जन्मतारखेसह ईमेलने कळवा आणि लेखी होकार घ्या. आरक्षणाच्या साइटवर मुलाचं वय टाकलं की हॉटेल यादीतून गायब होतं, म्हणून काही जण ‘तीन प्रौढ’ असं भरतात. हे करू नका. स्पेनमध्ये प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट पाहतात, आणि 14 वर्षांवरच्या प्रत्येकाला नोंदणीच्या कागदावर सही करावी लागते. वय तिथंच उघड होतं. अट मोडली म्हणून परत पाठवलं तर पैसे मिळण्याची शक्यता फार कमी.

आणखी एक. या खोल्या बहुतेक दोघांसाठीच असतात, जादा पलंग मावत नाही. तुमच्या पाच जणांना तीन खोल्या लागतील असं धरूनच हिशेब करा.

एकाच हॉटेलात 140 युरोची खोली आहे आणि 290 युरोचीही. फोटोत दोन्ही सुंदर दिसतात. फरक कशाचा? (वाचक, पुणे)

फरक वाड्यातल्या जागेचा. तो समजून घ्यायचा तर वाड्याची रचना माहीत हवी.

पाल्माचा जुना वाडा साधारण चार थरांचा. तळाला कमानींचा चौक, त्याच्या भोवती पूर्वीचे तबेले आणि कोठारं. त्यावर बुटक्या छताचा अर्धमजला, तिथं कारभाऱ्याची कचेरी असायची. त्याच्या वर मालकाच्या कुटुंबाचा मुख्य मजला, स्पॅनिशमध्ये ‘प्लान्ता नोब्ले’. उंच छत, रंगवलेल्या तुळया, मोठ्या खिडक्या, सगळं तिथं. सगळ्यांत वर छपराखालचा माळा. मराठी वाचकाला आपल्याकडचा चौसोपी वाडा आठवेल. फरक असा की इथं चौक दारातून आत शिरताच लागतो, आणि जिना त्या चौकातूनच रुबाबात वर जातो.

हॉटेलने खोल्या या चारही थरांत बसवलेल्या असतात. तळमजल्यावरची खोली चौकाकडे उघडते. तिच्या दारावरून दिवसभर लोक ये-जा करतात, खिडकी उघडली तर सगळं दिसतं. शिवाय वाडे ज्या दगडाचे आहेत तो मारेस नावाचा स्थानिक वालुकाश्म सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. नोव्हेंबर ते मार्च तळमजल्यावर कुबट वास येऊ शकतो. अर्धमजल्यावर छत खाली. सहा फुटी माणसाला पोटमाळ्यासारखं वाटेल. मुख्य मजला सर्वोत्तम, पण महाग. छपराखालची खोली मोहक, तिथून कॅथेड्रलचे कळसही दिसतील. पण उन्हाळ्यात ती तापते, आणि लिफ्ट तिथपर्यंत जातेच असं नाही. संरक्षित इमारतीत हवी तिथं लिफ्ट बसवायला परवानगी मिळत नाही. पुष्कळदा ती मुख्य मजल्यावर थांबते आणि पुढे पंधरा-वीस पायऱ्या चढाव्या लागतात.

मजल्यांची मोजणीही तपासा. तिकडेही तळमजला शून्य. त्यात अर्धमजला वेगळा धरला तर ‘पहिला मजला’ म्हणजे आपल्या हिशेबाने दुसरा ठरतो.

दुसरा फरक खिडकीचा. ‘इंटीरियर’ असं लिहिलेली खोली स्वस्त असते. त्याचा अर्थ खिडकी रस्त्याकडे नाही. ती देखण्या चौकाकडे असू शकते, तशीच फक्त उजेडासाठी ठेवलेल्या अरुंद बोळकांडीकडेही. नावावरून कळत नाही, विचारावंच लागतं. झोप सावध असणाऱ्यांना मात्र चौकाकडची खोलीच बरी, कारण रस्त्याचा आवाज तिकडे पोचत नाही.

म्हणून आरक्षणाआधी इंग्रजीत एक छोटा ईमेल लिहा आणि एवढंच विचारा: खोलीचा क्रमांक आणि मजला कोणता, लिफ्ट दारापर्यंत येते का, खिडकी कशाकडे उघडते, काच दुहेरी आहे का, आणि खोली किती चौरस मीटरची. 14 चौरस मीटर म्हणजे साधारण 150 चौरस फूट. त्यात दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवता येत नाहीत. उत्तरात खोलीचा क्रमांक आला तर तो आरक्षणावर लिहून घ्या. ‘उपलब्धतेनुसार’ असं उत्तर आलं तर सगळ्यांत स्वस्त वर्गाची सगळ्यांत वाईट खोली मिळेल असं समजून ती परवडते का ते ठरवा.

कोणत्या भागात राहावं? रात्री शांत झोप हवी. (वाचक, सांगली)

कॅथेड्रलच्या पूर्वेला तटबंदीला लागून असलेला सा कालात्राव्हा हा भाग शांत आहे. तिथं अजून रहिवासी टिकून आहेत. पश्चिमेला ला ल्योत्जा भागात पंधराव्या शतकातल्या व्यापारी सभागृहाची अप्रतिम इमारत आहे, पण भोवती बार आणि खाणावळी आहेत. उन्हाळ्यात रस्त्याकडची खोली तिथं घेऊ नका. सा जेरेरियामध्येही संध्याकाळनंतर गर्दी असते. बोर्न या झाडांच्या रुंद रस्त्याच्या आसपास दोन्हींच्या मधलं. 19 जानेवारीच्या रात्री पाल्माच्या ग्रामदैवताची, संत सेबास्तियनची, जागर असते. चौकाचौकांत शेकोट्या आणि गाणं-बजावणं चालतं. ती पाहायची असेल तर जुन्या शहरासारखी जागा नाही, झोपायचं असेल तर तारीख बदला.

डिझाइनर खोल्यांचं न्हाणीघर काचेचं असतं असं ऐकलं. आई माझ्याबरोबर एकाच खोलीत असेल. (वाचक, ठाणे)

खरं आहे. जुन्या दालनात भिंती घालून प्रमाण बिघडवायचं नाही म्हणून वास्तुरचनाकार टब किंवा शॉवर उघडाच खोलीत ठेवतो, किंवा नुसती काच लावतो. संडासाला बहुधा वेगळं दार असतं, पण तेही कधी धुरकट काचेचं. ‘न्हाणीघराला पूर्ण भिंत आणि बंद होणारं दार आहे का’ असं स्पष्ट विचारा.

पलंगाचंही तेच. काही न सांगता आरक्षण केलं तर दोघांचा एक पलंग मिळतो. तुम्हाला ‘दोस कामास’, म्हणजे दोन पलंग हवेत. ‘दोन एकत्र जोडलेले’ चालणार नसतील तर तेही लिहा. टॉयलेटजवळ पाण्याचा फवारा नसतो. कुठे बिडे, म्हणजे बसून धुण्याचं बुटकं भांडं, असतं, नसेल तर बरोबर एक छोटी बाटली न्या. चहाची किटलीही खोलीत बहुधा नसते, कॉफीचं यंत्र असतं. ‘एर्विदोर’ मागितली की खालून आणून देतात. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट. मोबाइलच्या चार्जरचा दोन गोल पिनांचा प्लग तिथं चालतो, आपला तीन पिनांचा चालत नाही.

हॉटेलपेक्षा फ्लॅट घेतला तर स्वयंपाक करता येईल आणि स्वस्तही पडेल, नाही का? (वाचक, डोंबिवली)

पाल्मात हा विचार सोडा. शहराने 2018 मध्ये इमारतींतले फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देण्यावर बंदी घातली. ती स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कायम ठेवली. त्या बंदीत परवानगीची वाट फक्त स्वतंत्र घरांना मोकळी राहिली होती. जुन्या शहरातला ‘स्वस्त फ्लॅट’ जाहिरातीत दिसला तर तो बहुधा बेकायदा असतो. आयत्या वेळी रद्द झाला तर तुम्ही रस्त्यावर, आणि व्हिसासाठी दिलेला राहण्याचा पुरावाही फोल.

बंदीचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. भाडी इतकी वाढली की इथं काम करणाऱ्यांनाच घर परवडेना. जुलै 2024 मध्ये हजारो रहिवासी पाल्माच्या रस्त्यांवर उतरले होते, ‘पर्यटन कमी, जगणं जास्त’ अशी त्यांची घोषणा होती. जुन्या शहरात राहणाऱ्या पाहुण्याने निदान एवढं करावं: रात्री अकरानंतर दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढत नेऊ नये, आणि लोकांच्या घरांच्या चौकात फाटक उघडं दिसलं म्हणून शिरू नये. फाटकाबाहेरून पाहायला कुणाची हरकत नसते.

खोलीचे पैसे आधीच भरले होते, तरी निघताना हॉटेलने आणखी रक्कम मागितली असं मित्र सांगतो. ही फसवणूक आहे का? (वाचक, कोल्हापूर)

नाही, तो बेटांचा पर्यटन कर आहे. 2018 पासूनचे उन्हाळी दर असे: पंचतारांकित आणि चार तारांकित सुपीरियर हॉटेलला माणशी रात्रीला 4 युरो, चार तारांकित आणि तीन तारांकित सुपीरियरला 3, त्याखाली 2. वर 10 टक्के मूल्यवर्धित कर. 16 वर्षांखालच्यांना माफी. नोव्हेंबर ते एप्रिल दर एक चतुर्थांश, आणि एकाच मुक्कामात नवव्या दिवसापासून निम्मा.

हिशेब करून पाहा. जून महिना, चार तारांकित हॉटेल, दोघं, पाच रात्री: 30 युरो अधिक 3, म्हणजे 33. तेच नोव्हेंबरात 8.25 युरो.

इथं एक खुबी आहे. जुन्या वस्तीतल्या 1940 पूर्वीच्या पारंपरिक घरात चालणाऱ्या छोट्या मुक्कामांना बेटांच्या कायद्यात ‘तुरिस्मो दे इंतेरियोर’ असा वेगळा वर्ग आहे. त्यांना 2 युरोचाच दर लागतो, सजावट पंचतारांकित हॉटेलला लाजवणारी असली तरी. म्हणून तारे दिसत नाहीत म्हणून असा मुक्काम टाकू नका.

पैसे कार्डाने देताना यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असं विचारेल. युरो निवडा, रुपयांचा दर यंत्रवाल्याचा असतो आणि तो महागच पडतो. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. 2020 पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी उघडून देतात. हॉटेलने अनामत म्हणून रक्कम अडवायचा प्रयत्न केला की नेमकं तिथंच कार्ड नाकारलं जातं.

व्हिसासाठी हॉटेलचं आरक्षण आधी लागतं, पण व्हिसा नाकारला तर पैसे बुडतील. काय करावं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान 15 दिवस आधी तरी करावा लागतो. प्रौढांची फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. राहण्याचा पुरावा प्रत्येक रात्रीचा हवा.

छोट्या हॉटेलांत ‘परतावा नाही’ हा दर दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त दिसतो. मोह टाळा. फुकट रद्द करता येणारा दर घ्या आणि रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या निकालानंतरची आहे ना ते पाहा. मोठ्या साखळी हॉटेलात ही मुदत एक-दोन दिवस आधीपर्यंत असते, वीस खोल्यांच्या वाड्यात ती सात किंवा चौदा दिवसांची असू शकते.

बरेच जण एका ठिकाणी चुकतात. साइटवरून केलेल्या आरक्षणावर एकाच व्यक्तीचं नाव येतं, पण अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. हॉटेलला लिहून सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे असलेलं पत्र मागवून घ्या.

भारतातून पाल्माला थेट विमान नाही. शेंगेन देशांतल्या एखाद्या विमानतळावर विमान बदललं तर शेंगेनची तपासणी तिथंच होते, आणि 12 ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. मधल्या थांब्याला दीड तास पुरणार नाही, तीन ठेवा.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. न्याहारीत काय मिळेल? (वाचक, जळगाव)

सावध राहण्याची जागा न्याहारीचीच आहे. तुमच्यापुढे पिठीसाखर भुरभुरवलेली, शंखासारखी वळलेली एन्साइमादा येईल. बेटाचा हा मानाचा पदार्थ दिसतो शाकाहारी, पण त्याच्या नावातच ‘साइम’ आहे, म्हणजे डुकराची चरबी. पिठात अंडंही असतं. कोका या पिझ्झासारख्या चपट्या भाकरीवर फक्त टोमॅटो-मिरची असली तरी पिठात तीच चरबी असू शकते. लालसर सोब्रासादा म्हणजे डुकराच्या मांसाचा मऊ सॉसेज, तो पावाला फासून देतात आणि चटणीसारखा दिसतो.

निर्धोक काय, तर पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. ‘पा अंब ओली’ मागा आणि वर हॅम नको म्हणून सांगा. दुपारी तुंबेत मिळालं तर जरूर घ्या: बटाटा, वांगं, ढोबळी मिरची तळून थर लावतात आणि वर टोमॅटोचा रस्सा. फक्त वर अंडं किंवा मासा घालू नका म्हणावं. चीज खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथल्या पारंपरिक चीजला बहुधा प्राणिजन्य रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, त्यावर सॅलडमध्ये टूना येतो. ही ओळ कागदावर देवनागरीत लिहून ठेवा आणि वाचून दाखवा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेव्हो, सिन मान्तेका दे सेर्दो.’ म्हणजे मांस, मासा, अंडं आणि डुकराची चरबी नको. आदल्या संध्याकाळी हॉटेलला सांगितलं तर छोट्या जागेत ते आनंदाने वेगळं करतात. त्यांच्याकडे पन्नास माणसांचा बुफे नसतो, स्वयंपाकी ताटं एकेक करून लावतो. फळं, दही, बदाम ओलिवार बाजारातून आणता येतात, रविवारी तो बंद असतो. आणि रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी उशिरा सुरू होतं, औषधाच्या वेळा सांभाळणाऱ्यांनी काहीतरी जवळ ठेवावं.

गाडी भाड्याने घेऊन थेट हॉटेलच्या दारात जाता येईल का? (वाचक, बेळगाव)

सहसा नाही. जुन्या शहरातल्या बऱ्याच गल्ल्या रहिवाशांच्या गाड्यांपुरत्या राखीव आहेत, आत शिरणाऱ्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो. दंडाची पावती भाड्याच्या कंपनीमार्फत, तिच्या सेवाशुल्कासह, महिन्यांनी भारतात पोचते. काही हॉटेलं तुमच्या गाडीचा क्रमांक आधी कळवून सामान उतरवण्यापुरती परवानगी काढून देतात, ते विचारा. नाहीतर पार्क दे ला मार किंवा प्लासा मायोरखालच्या वाहनतळावर गाडी ठेवून चालत या.

आमचा सल्ला: शहरात आहात तोवर गाडी घेऊच नका. विमानतळ आठ-नऊ किलोमीटरवर, ए-1 बस प्लासा देस्पान्यापर्यंत येते. डोंगरापलीकडच्या सोयेरला 1912 पासून चालणारी लाकडी डब्यांची रेल्वे तिथूनच सुटते. टॅक्सीही गल्लीच्या तोंडाशी सोडते, पुढचे दोन-तीनशे मीटर चालायचेच. त्यामुळे एक मोठी बॅग नेण्यापेक्षा दोन मध्यम न्या.

गच्चीवर तलाव आहे म्हणून जास्त पैसे द्यावेत का? (वाचक, नागपूर)

पोहण्यासाठी नको. तो बहुधा चार-पाच मीटर लांब, कमरेएवढा खोल आणि गरम न केलेला असतो. जून अखेर ते सप्टेंबर डुंबायला मजा येते, एप्रिलमध्ये पाय बुडवणंही नको होतं. गच्चीवरून दिसणाऱ्या संध्याकाळसाठी देत असाल तर द्या.

नोव्हेंबरात गेलं तर काही चुकतं का? (वाचक, मुंबई)

चुकत नाही, उलट एक गोष्ट त्याच महिन्यात दिसते. ला सेउ हे कॅथेड्रल 1229 मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यानंतर त्याच शतकात बांधायला घेतलं आणि 1601 मध्ये पुरं झालं. वेदीच्या वर, पूर्वेच्या भिंतीत, बारा-तेरा मीटर व्यासाची रंगीत काचांची गोल खिडकी आहे. वर्षातून दोनदा, 2 फेब्रुवारी आणि 11 नोव्हेंबरला, सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास सूर्य तिच्यातून असा येतो की तिचा रंगीत गोल समोरच्या पश्चिम भिंतीवरच्या खिडकीच्या बरोबर खाली पडतो. दोन्ही मिळून आठचा आकडा दिसतो.

त्या सकाळी गर्दी होते, म्हणून साडेसातला दारात असावं. जुन्या शहरात मुक्काम असल्याचा खरा उपयोग इथं होतो, खोलीपासून दहा मिनिटं चालत. आदल्या रात्री हॉटेलला सांगून न्याहारी साडेनऊला ठेवायला लावा. ढगाळ असेल तर काही दिसत नाही, पण आसपासच्या दोन-तीन दिवसांतही गोल जवळपास त्याच जागी पडतो, म्हणून मुक्काम 9 ते 13 नोव्हेंबर असा धरा. एक मात्र पाहून घ्या: काही छोटी हॉटेलं हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात, आणि जी चालू असतात त्यांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र गरम हवाही देतं ना, हे त्या मजला-खिडकीच्या ईमेलमध्येच विचारून टाका.